पुंता अरेनासचं रडार आणि तुमचे तीन आक्षेप

नमस्कार. १९८२ मध्ये ब्रिटन आणि अर्जेंटिना यांच्यात झालेल्या फॉकलंड युद्धावरच्या, त्यात इतर देशांनी केलेल्या छुप्या मदतीबद्दलच्या माझ्या लेखाला तुम्ही मुद्देसूद आणि बऱ्यापैकी रागावलेली प्रतिक्रिया दिलीत. तिला दोन ओळींत उत्तर देणं बरं दिसणार नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

तुमचे आक्षेप थोडक्यात असे. तोंडाने तटस्थ म्हणवून मागच्या दाराने मदत पोचवणं हा भेकडपणा आहे. मित्र असेल तर त्याने चारचौघांत उभं राहावं. दुसरं, या छुप्या मदतीचं मी उगाच कौतुक केलं. ब्रिटन एवीतेवी जिंकणारच होता. आणि तिसरं, चिलीचा तेव्हाचा लष्करशहा पिनोशे याने ब्रिटनला केलेली मदत सांगताना मी एका हुकूमशहाला उजळ माथ्याने मिरवू दिलं, तेव्हा तो परिच्छेद काढून टाकावा. पहिले दोन मला अजिबात पटत नाहीत. तिसऱ्यात तुम्ही ज्या जागी बोट ठेवलंय ती जागा खरोखर दुखरी आहे, पण त्यातून तुम्ही काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही.

भेकडपणाचं आधी. एप्रिल १९८२ मध्ये चिली कुठल्या अवस्थेत होता ते बघा. बीगल सामुद्रधुनीतल्या पिक्टन, लेनॉक्स आणि नुएवा या तीन बेटांवरून चिली आणि अर्जेंटिना डिसेंबर १९७८ मध्ये युद्धाच्या अगदी उंबरठ्यावर गेले होते. पोपच्या मध्यस्थीमुळे ते टळलं, पण वाद मिटला नव्हता. करार व्हायला १९८४ उजाडलं. त्यामुळे २ एप्रिलला अर्जेंटिनाचं सैन्य फॉकलंडवर उतरलं तेव्हा चिलीच्या राजधानीतल्या, सांतियागोतल्या सेनाधिकाऱ्यांच्या मनात एकच विचार होता: आज ती बेटं, उद्या आपली. शिवाय अमेरिका खंडातल्या देशांची संघटना जवळपास अख्खी अर्जेंटिनाच्या पाठीशी होती. एप्रिलअखेर तिथे ठराव झाला तेव्हा विरोधात एकही मत पडलं नाही. अमेरिका, चिली, कोलंबिया आणि त्रिनिदाद हे चौघं फक्त अलिप्त राहिले. चिलीने अशा वेळी उघडपणे ब्रिटनची बाजू घेतली असती, तर हजारो किलोमीटरच्या सरहद्दीवर अर्जेंटिनाला अंगावर घेतलं असतं आणि सगळ्या शेजाऱ्यांत एकटा पडला असता. मग त्याने मदत काय केली असती? स्वतःच्याच रक्षणाची भ्रांत पडली असती. म्हणजे इथे उघड मदत आणि छुपी मदत असा पर्यायच नव्हता. छुपी मदत किंवा काहीच नाही, इतकाच होता.

मदत नेमकी काय होती? ब्रिटिश हवाई दलाचे विंग कमांडर सिडनी एडवर्ड्स एप्रिलमध्ये सांतियागोला गेले. त्यांना स्पॅनिश चांगलं येत होतं. चिलीच्या हवाई दलाचे प्रमुख फर्नांदो मॅथेई यांच्याशी त्यांनी थेट बोलणी केली. मॅथेई स्वतः पिनोशेच्या लष्करी मंडळाचे सदस्य. चिलीला ब्रिटिश हंटर विमानं जवळजवळ फुकटात मिळाली, विमानविरोधी क्षेपणास्त्रं मिळाली, लांब पल्ल्याचं रडार मिळालं. बदल्यात दक्षिणेत पुंता अरेनासजवळच्या रडारवरून अर्जेंटिनाच्या तळांवर नजर ठेवायची, आणि तिथून विमानं उडाली की खबर ब्रिटिश आरमारापर्यंत पोचवायची. हा सरळ सौदा होता. दोन्ही बाजूंना तो हवा होता, आणि दोन्ही बाजूंना तो कबूल करायचा नव्हता.

कबूल न करणं किती आटापिट्याचं काम असतं त्याचा एक प्रसंग सांगतो. १८ मेच्या पहाटे एक ब्रिटिश सी किंग हेलिकॉप्टर पुंता अरेनासच्या दक्षिणेला किनाऱ्यावर उतरलं. जहाजांवर एग्झोसेट ही फ्रेंच क्षेपणास्त्रं डागणारी विमानं अर्जेंटिनाच्या रिओ ग्रान्दे तळावर होती, त्या तळाची टेहळणी करायला निघालेली कमांडो तुकडी त्याने वाटेत उतरवली होती. हवामानाने मोहीम फसली. परतीपुरतं इंधन मुळातच नव्हतं. तिघा वैमानिक-कर्मचाऱ्यांनी हेलिकॉप्टर जाळलं आणि काही दिवस लपून राहून मग चिलीच्या अधिकाऱ्यांच्या स्वाधीन झाले. सांतियागोत पत्रकारांपुढे त्यांनी निवेदन केलं की खराब हवेत बिघाड झाल्यामुळे उतरावं लागलं. एवढं सांगून त्यांना मायदेशी रवाना केलं गेलं. चिलीच्या भूमीवर ब्रिटिश लष्करी हेलिकॉप्टरचा जळका सांगाडा जगाने पाहिला, तरी चिली अधिकृतपणे तटस्थच राहिला. हे भेकडांचं काम नव्हे. ज्यांना आपण काय करतोय आणि पकडलो गेलो तर काय होईल हे दोन्ही नीट ठाऊक आहे, त्यांचं हे काम आहे.

अमेरिकेचंही तसंच. परराष्ट्रमंत्री हेग लंडन आणि ब्युनोस आयर्सच्या चकरा मारत मध्यस्थी करत होते, त्याच वेळी संरक्षणमंत्री वाइनबर्गर ब्रिटनच्या मागण्या झटपट मंजूर करत होते. असेन्शन बेट ब्रिटनचं, पण त्यावरची धावपट्टी अमेरिका चालवत होती. तिथलं इंधन ब्रिटिश विमानांना मिळालं नसतं तर दक्षिण अटलांटिकमधली रसदच तुटली असती. ३० एप्रिलला अमेरिकेने उघडपणे ब्रिटनची बाजू घेतली, तोवर मदत कधीच सुरू झाली होती. दुसऱ्या बाजूला पेरूचं उदाहरण घ्या. राष्ट्राध्यक्ष बेलाउंदे शांततेचा प्रस्ताव मांडत होते, आणि त्याच पेरूने जूनच्या सुरुवातीला आपली दहा मिराज विमानं अर्जेंटिनाला दिली.

आता 'एवीतेवी जिंकणारच होते' याबद्दल. हे आज म्हणणं सोपं आहे. ब्रिटनपासून तेरा हजार किलोमीटरवर दोनच विमानवाहू नौका होत्या आणि सुरुवातीला जेमतेम वीस सी हॅरिअर लढाऊ विमानं. त्यातली हर्मिस पुढे आपल्याकडे 'विराट' म्हणून आली आणि २०१७ मध्ये मुंबईत निवृत्त झाली. नौदल सप्ताहात तिच्या डेकवर फिरून आलेल्यांना आठवत असेल, नावाच्या मानाने काही फार मोठी नव्हती ती. त्या दोघींपैकी एक जरी बुडाली असती तर ब्रिटनला माघार घ्यावी लागली असती. नौका बेटांच्या पूर्वेला दूर ठेवाव्या लागत, त्यामुळे हॅरिअरला बेटांवर घिरट्या घालायला फार थोडा वेळ मिळे. रिओ ग्रान्देहून बेटं साधारण सातशे किलोमीटर, म्हणजे जेट विमानाला पाऊण तास. त्या पाऊण तासाची आगाऊ खबर मिळणं म्हणजे मोजकी विमानं योग्य वेळी हवेत असणं.

ती नसली की काय होतं? ८ जूनला चिलीचं ते रडार देखभालीसाठी बंद होतं, असं पुढे मॅथेईंनीच सांगितलं. त्याच दिवशी फॉकलंडवरच्या फिट्झरॉयला अर्जेंटिनाच्या स्कायहॉक विमानांनी ब्रिटनचं 'सर गॅलहॅड' जहाज पेटवलं. ४८ माणसं गेली, त्यात वेल्श गार्ड्सचे ३२ जवान. रडार चालू असतं तर सगळे वाचले असते असा माझा दावा नाही. जवानांना वेळेत उतरवलं नव्हतं आणि किनाऱ्यावरची विमानविरोधी यंत्रणा नुकती लावली जात होती. पण 'काही फरक पडला नाही' असं त्या ४८ जणांच्या घरी जाऊन कुणी म्हणू शकेल असं मला वाटत नाही.

फ्रान्स एकाच बाजूला होता, हे तुम्ही लिहिलेलं तर सरळ चूक आहे. अर्जेंटिनाने विमानातून डागायची चौदा एग्झोसेट मागवली होती, युद्ध सुरू झालं तेव्हा पोचली होती फक्त पाच. त्यांतल्या एकाने ४ मे रोजी 'शेफील्ड' या ब्रिटिश युद्धनौकेवर वीस माणसं मारली. फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष मितराँ यांनी उरलेली अडवून धरली, पेरूने मागवलेलीही लांबवली. मात्र फ्रेंच तंत्रज्ञांची एक तुकडी युद्धभर अर्जेंटिनाच्या तळावर राहिली आणि क्षेपणास्त्रांच्या यंत्रणेची तपासणी करायला मदत करत होती, हेही खरं आहे. एकाच देशाचे दोन हात दोन बाजूंना काम करत होते. म्हणूनच कोण काय बोललं यापेक्षा कुठल्या गोदामातून काय निघालं आणि कुठे पोचलं, याचा माग काढायचा असतो.

आता तुमचा तिसरा मुद्दा. शीला कॅसिडी या ब्रिटिश डॉक्टर. १९७५ मध्ये सांतियागोत त्यांनी एका जखमी विरोधकावर उपचार केले, म्हणून पिनोशेच्या गुप्त पोलिसांनी त्यांना पकडून विजेचे झटके दिले. ब्रिटनने राजदूत परत बोलावला. १९८० मध्ये पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने राजदूत परत पाठवला आणि शस्त्रबंदी उठवली. दोन वर्षांनी रडारचा सौदा झाला. आणि मार्च १९९९ मध्ये, पिनोशे लंडनजवळ नजरकैदेत असताना, थॅचरबाईंनी टीव्हीच्या कॅमेऱ्यांसमोर त्याच्या घरी जाऊन त्याचे आभार मानले.

मला इथे संताप येतो, आणि तो तुमच्याइतकाच आहे. ज्या राजवटीत तीन हजारांहून जास्त माणसं मारली गेली किंवा बेपत्ता झाली, तिच्या प्रमुखाला सोडवताना '८२ ची मदत पुढे केली गेली. त्या बेपत्ता माणसांच्या आयांना, बायकांना हा सौदा करताना कुणी विचारलं नव्हतं. विचारणं शक्यच नव्हतं, कारण अधिकृतपणे सौदाच अस्तित्वात नव्हता. छुप्या मदतीचा मला दिसणारा खरा दोष हाच आहे. ती गुप्त असते म्हणून तिचं कर्ज कुठेच नोंदलं जात नाही, आणि मग फेडायची वेळ आली की सत्तेत असलेला माणूस ते स्वतःच्या मर्जीने, तिसऱ्याच्या खिशातून फेडतो. ब्रिटनची त्या वर्षीची कागदपत्रं संशोधकांना खुली व्हायला २०१२ चा डिसेंबर उजाडला. तोवर पिनोशे मरून सहा वर्षं झाली होती.

म्हणून परिच्छेद काढायची तुमची सूचना मी मानणार नाही. रडारची गोष्ट वगळली तर १९९९ ची ती भेट कशासाठी होती हे वाचकाला कळणारच नाही, आणि ती थॅचरबाईंची एक वैयक्तिक लहर वाटेल. ती लहर नव्हती. पेरूच्या मिराज विमानांवर पुढचा लेख लिहितोय, तोही असाच खडसावून वाचा.