दुसरीपर्यंत फक्त गोष्टीच? का बरं?

शिक्षक-पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर अधूनमधून फिरत असतो. शब्द बदलतात, सार तेच राहतं : लहान मुलांना दुसरी-तिसरीपर्यंत गोष्टी आणि बडबडगीतंच द्यावीत. माहितीची पुस्तकं त्यांना आवडत नाहीत, झेपत नाहीत, शिवाय कल्पनाशक्तीला मारक असतात. ती चौथीनंतर बघू. खाली अंगठ्यांची रांग आणि ‘अगदी बरोबर, सर’.

गोष्टी हव्यातच, भरपूर हव्यात. पण त्यांच्यापायी माहितीची पुस्तकं कपाटात बंद ठेवायला सांगणारी ही कारणं एकेक करून तपासली, तर फार थोडं हाताला लागतं.

‘मुलांना माहितीची पुस्तकं आवडत नाहीत.’

पाच वर्षांच्या पोराला घेऊन बाजारापर्यंत चालत जा. जेसीबीचा ड्रायव्हर कुठे बसतो, पालीची तुटलेली शेपटी का वळवळते, गाय नुसतीच बसून काय चघळते, हे सगळं तो दहा मिनिटांत विचारून घेतो. राजकन्येचं पुढे काय झालं, असं त्या रस्त्यात कोणी विचारत नाही.

क्रिस्टिन पापस या अमेरिकन संशोधक बाईंनी बालवाडीच्या वयाच्या मुलांना गोष्टीची आणि माहितीची अशी दोन्ही पुस्तकं वाचून दाखवली आणि मग ‘आता तू वाचल्यासारखं कर’ म्हणून सांगितलं. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात मुलांनी माहितीच्या पुस्तकाची भाषाही गोष्टीइतकीच सहज उचललेली दिसली.

मग हा समज आला कुठून? माझ्या मते सामान्यज्ञानाच्या पुस्तिकांमधून. ‘राष्ट्रीय पक्षी कोणता? मोर. राष्ट्रीय फूल कोणतं? कमळ.’ हे वाचून कोणीही जांभई देईल. पण ती स्पर्धा परीक्षेची धाकटी बहीण झाली. तिच्यावरून सगळ्या माहितीपर पुस्तकांचा निकाल कसा लावायचा?

‘आधी वाचायला शिकू द्या, मग वाचून शिकतील.’

हे शास्त्रीय वाटतं, म्हणून जास्त पसरतं. वाचनाचे टप्पे मांडणाऱ्या जीन चॉल यांच्या कामाचा हा अर्धवट सारांश आहे. चौथीच्या सुमारास मुलं वाचनात अडखळू लागतात, विशेषतः गरीब घरातली, हेही चॉल यांनीच दाखवलं होतं. तोवर पुस्तकातले शब्द ओळखीचे असतात, पुढे ते अनोळखी होत जातात.

आपल्याकडे हा खड्डा तिसरीतच येतो, कारण तिथे परिसर अभ्यास वेगळा विषय म्हणून सुरू होतो. दोन वर्षं ‘एक होता कोल्हा’ वाचलेल्या मुलासमोर एकदम आकृती, बाण, तक्ता, व्याख्या आणि ‘बाष्पीभवन होते’ अशी वाक्यं उभी राहतात. मजकूर असाही असतो, मधूनच उघडून हवं तेवढंच वाचता येतं, चित्राखालची ओळसुद्धा वाचायची असते, हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं.

नेल ड्यूक या संशोधक बाईंनी अमेरिकेतल्या बॉस्टन परिसरातले पहिलीचे २० वर्ग पाहिले. माहितीपर मजकुरावर सरासरी वेळ जात होता रोज ३.६ मिनिटं, गरीब वस्तीतल्या वर्गांत त्याहूनही कमी. हा अभ्यास २००० सालचा. म्हणजे घरी पुस्तकं नसलेल्या मुलांनाच शाळेतही ती मिळत नव्हती. आपल्या वर्गांत कोणी घड्याळ लावून बसलं, तर आकडा फार वेगळा येईल असं मला वाटत नाही.

आणखी एक. १९८८ साली रेख्त आणि लेस्ली या अमेरिकन संशोधकांनी सातवी-आठवीच्या मुलांना बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन वाचायला दिलं. वाचनात कच्ची पण खेळ माहीत असलेली मुलं, वाचनात पक्की पण खेळ न कळणाऱ्या मुलांच्या पुढे निघाली. मुलं मोठी होती हे खरं. पण विषय माहीत असणं ही समजून वाचण्याचीच शिदोरी असेल, तर ती बांधायला चौथीची वाट कशाला बघायची?

‘माहितीने कल्पनाशक्ती मरते.’

सुगरणीचं घर घ्या. विहिरीवर वाकलेल्या बाभळीला लोंबणारे खोपे गावातल्या मुलांनी पाहिलेले असतात. आपल्या गाण्या-गोष्टींत ते सुगरणबाई विणते. पक्ष्यांच्या पुस्तकात वेगळंच निघतं : विणतो तो नर, पावसाळ्यात डोकं पिवळंधमक झालेला. अर्धा खोपा झाला की तो पंख फडफडवत माद्यांना बोलावतो. एखादी येऊन घर पारखते. पसंत पडलं तर तो खालची लांब नळी विणून घर पुरं करतो. नाही पडलं, तर खोपा अर्धाच लटकत राहतो.

दुसरीच्या वर्गात एवढं वाचा आणि थांबा. ‘मग तो नर काय करत असेल?’, ‘तिला काय आवडलं नसेल?’, ‘आपल्या विहिरीवरचा तो अर्धा खोपा त्यातलाच का?’ पोरं दुसऱ्या दिवशी खोपे मोजून येतील, पुरे किती, अर्धे किती. कल्पनेला याहून चांगलं खाद्य कोणतं? आणि गाणं गायचंच. ते काही खोटं पडत नाही.

‘शब्द अवघड असतात.’

डायनासोरचं ‘टायरॅनोसॉरस’ हे नाव म्हणणारी पोरं ‘परागकण’ला घाबरत नाहीत. शिवाय सुरुवातीला बाईंनीच वाचून दाखवायचं असतं. ऐकून समजण्याची कुवत स्वतः वाचण्याच्या कितीतरी पुढे असते.

‘हे परदेशी खूळ आहे.’

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीत आणि पुढे कोसबाडला बालशिक्षण उभं केलं ते पानं, बिया, शंख-शिंपले हाताळत. कुरणशाळा तर गुरांमागे जाणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणातच भरली. भोवतालची खरी वस्तू शिकण्याचा विषय होऊ शकते, हे तिथे ठरूनच गेलं होतं.

‘मराठीत अशी पुस्तकं आहेतच कुठे?’

इथे मात्र तक्रारीत तथ्य आहे. गोष्टींच्या मानाने ती खरंच कमी आहेत, आणि त्यातली काही गुळगुळीत कागदावर छापलेली भाषांतरं असतात, वाचताना दाताखाली खडे येतात. तरीही प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठीतली सचित्र पुस्तकं फुकट उतरवून घेता येतात. त्यांत प्राणी-पक्षी-विज्ञानाची आहेत. प्रोजेक्टर नसेल तर मोबाइलवर पाचपाच मुलांना दाखवा.

आणि पुस्तकावरच अडायचं कारण नाही. एसटीचं वेळापत्रक, दिनदर्शिका, बियाण्याच्या पाकिटामागच्या सूचना हाही माहितीपर मजकूरच आहे. मेथीचं एक पाकीट आणा, मागचं मोठ्याने वाचा आणि त्यात लिहिलंय तसंच कुंडीत पेरा. पाकिटावर जितक्या दिवसांत उगवेल म्हटलंय तितक्यात उगवलं नाही, तर पाकीट चूक की आपण, यावर पोरंच भांडतील.