२५ लाखांचा मेसेज आलाय का? आधी हे वाचा

सोलापुरातल्या नाटकवाल्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय, की केंद्र सरकार हॉल दुरुस्तीला सरसकट २५ लाख देतंय, आणि रॅम्प-बिंप ऐच्छिक आहे, नंतर बघता येईल. पहिलं अर्धवट आहे, दुसरं साफ चूक.

२५ लाखांचा आकडा आलाय तो केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाच्या बिल्डिंग ग्रँट योजनेतून, पण ती कमाल मर्यादा आहे, म्हणजे जास्तीत जास्त एवढे, मेट्रो शहरांना ५० आणि सोलापूरसारख्या शहरांना २५. आणि ती आहे सांस्कृतिक संस्थांसाठी, तालीम, प्रशिक्षण, प्रयोगाची जागा उभी करायला, त्यामुळे नुसता रंग मारायला पैसे मिळतील असं कुणी धरून चालू नका.

रॅम्पचं तर अजिबात ऐच्छिक नाही हो. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे, त्यानुसार सार्वजनिक इमारत दिव्यांगांना वापरता येईल अशी असावीच लागते, आणि त्यात सार्वजनिक इमारत म्हणजे सरकारी किंवा खाजगी, लोक जिथे येतात ती, सांस्कृतिक कार्यक्रमाची जागा सुद्धा. म्हणजे महापालिकेचं हुतात्मा स्मृती मंदिर असो की एखाद्या संस्थेचा छोटा हॉल, कायदा तोच. अनुदान मिळो न मिळो.

आणि रॅम्प म्हणजे पायऱ्यांवर टाकलेली फळी नव्हे. उतार १:१२ लागतो, म्हणजे दारात दीड फूट चढ असेल तर रॅम्प १८ फूट लांब, वर दोन्ही बाजूंना कठडा. एवढी जागा दारासमोर आहे का ते आधी टेप लावून बघा, नंतर आर्किटेक्टकडून एस्टिमेट घ्या. व्हीलचेअर आत जाईल असं टॉयलेट त्याच एस्टिमेटमध्ये धरा, ते बऱ्याचदा राहूनच जातं.