सागवानावर पिस्ता

नव्या फ्लॅटमध्ये जुनं कपाट आलं की घरातलं कुणीतरी म्हणतंच, “जरा रंग मारला की मॅच होईल.” या वाक्यातला ‘जरा’ ज्याने पहिल्यांदा उच्चारला, त्याने आयुष्यात ब्रश हातात धरला नसणार. ६ फूट उंच, ३ फूट रुंद आणि दीड फूट खोल असं साधं दोन दारांचं कपाट घ्या. दर्शनी भाग, दोन्ही बाजू आणि वरची फळी मिळून ४० चौरस फूट भरतं. दोन हात मारायला साधारण लिटरभर ऑइल पेंट आणि त्याच्या खाली अर्धा लिटर प्रायमर लागतो. कागदावर हे रविवारचं काम दिसतं. प्रत्यक्षात पुढचा रविवारही त्यातच जातो, आणि त्या आठवड्यात घरातले सगळे कपडे पलंगावर राहतात.

रंगवण्याआधी मुळात ते रंगवायचं का, हे ठरवा. चांगल्या रेषा असलेलं सागवान किंवा शिसवी असेल तर माझं मत स्पष्ट आहे: नको. पॉलिश करून घ्या. घरातली आत्या “सागवानावर पिस्ता रंग?” असं विचारते तेव्हा तिचा सूर बोचरा असतो, पण मुद्दा बरोबर असतो. प्लायचं, सनमायक्याचं, तीन सुतारांनी तीन वेळा ठिगळ लावलेलं जे असेल, ते खुशाल रंगवा.

पहिलं काम रंगाचं नाही, धुण्याचं. दाराच्या कडेला, नेमकी जिथे बोटं लागतात तिथे, तीस-चाळीस वर्षांचं खोबरेल तेल बसलेलं असतं. आरशाच्या चौकटीवर टिकल्यांचा आकाशगंगेसारखा पसारा. टिकली निघते, तिचा गोंद निघत नाही. दारावर दसऱ्याचं कुंकू, आत फळीला चिकटलेला १९९० सालचा पेपर. भांडी धुण्याचा साबण कोमट पाण्यात घालून पुसा, मग दोनदा साध्या पाण्याने, आणि गोंदाला टर्पेंटाईनचा बोळा. हे टाळलं तर तेलावर रंग सरकतो आणि गोल गोल डोळे पडतात. ते कपाट मग आयुष्यभर तुमच्याकडे रोखून बघतं.

मग जुनं पॉलिश कोणतं ते ओळखा. मागच्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा जागी, स्पिरिटचा बोळा अर्धा मिनिट घासा. पृष्ठभाग चिकट होऊन बोळा तपकिरी झाला तर लाखेचं पॉलिश आहे. स्पिरिटने काही झालं नाही आणि एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनरने मऊ पडलं, तर लॅकर. दोन्हींना दाद देत नसेल तर मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) अशी कडक पॉलिशं, म्हणजे घासताना खांद्याची परीक्षा.

घासायला पॉलिश पेपर १२० नंबरपासून सुरू करा, १८० वर या, प्रायमरनंतर ३२०. आडवं घासू नका, लाकडाच्या रेषेतच चला. आडवे ओरखडे रंगाखालूनही उठून दिसतात. सनमायक्याला काचेसारखी चकाकी असते. १८० ने ती मारली नाही आणि वर चिकटणारा खास प्रायमर लावला नाही, तर सहा महिन्यांत नखाने पापुद्रा निघतो. घरातलं पोर तो काढतंच. “घासायची गरज नाही” म्हणणारे व्हिडिओ त्या पापुद्र्यापर्यंत कधी पोहोचत नाहीत.

इथे थोडं गंभीर बोलतो. भारतात घरगुती रंगांतलं शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) आत ठेवण्याचा नियम २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीच्या रंगावर कोरडा पेपर चालवून धूळ उडवू नका. वॉटर पेपर (पाणी लावून घासायचा), ओलं फडकं आणि नाकावर चांगला मास्क हवा. पोरांना त्या दिवशी मावशीकडे पाठवा.

घासून झालं की भोकं दिसतात. फडक्यावर बारीक पीठ पडत असेल तर किडा अजून आत आहे. आधी औषध, मग लांबी, म्हणजे भोकं बुजवायची पुट्टी. लांबी नेहमी जराशी वर उचलून भरा, वाळली की ती आक्रसते. मग सपाट घासा.

प्रायमरचा पहिला हात वाळला आणि पांढऱ्यावर पिवळे-तपकिरी डाग उमटले, तर दुसरा हात मारून काही होणार नाही, तिसराही नाही. लाकडातला रंग पाण्याच्या प्रायमरमधून वर येतो. मेण काढलेल्या लाखेचा एक पातळ हात मधे दिला की तो थांबतो.

आता रंग. शेडकार्डावरचा पिस्ता चौकोन बोटाएवढा असतो. ६ फुटी कपाटावर तोच पिस्ता कुल्फीच्या गाडीसारखा दिसतो. आधी प्लायच्या तुकड्यावर दोन हात मारा, सकाळच्या उन्हात बघा, रात्री ट्यूबलाइटखाली बघा. नंतरच डबा फोडा. मोठ्या भागाला ४ इंची फोमचा रोलर, कोपऱ्याला दीड इंची ब्रश. नवा ब्रश तळहातावर आपटून सुटी केसं आधी काढा, नाहीतर ती दारावर कायमची राहतात. बिजागऱ्या काढूनच रंगवा, आणि प्रत्येक दाराचे स्क्रू वेगळ्या वाटीत ठेवा. “माझ्या लक्षात राहील” म्हणणाऱ्याचं दार नंतर नेहमी बोटभर खाली लोंबतं.

पातळ हात, दोनदा. जाड एकाच हाताला ओघळ येतात. ऑइल पेंट हवेतला ऑक्सिजन घेऊन वाळतो, म्हणून खिडक्या उघड्या हव्यात. पावसाळ्यात रात्रभरात वाळणारा हात दोन-तीन दिवस चिकट राहतो. जुलैत हे काम काढणाऱ्याला नमस्कार. अर्धवट वाळलेल्या ऑइल पेंटवर लॅकर मारू नका, खालचा रंग दुधाच्या सायीसारखा सुरकुततो. पांढरा ऑइल पेंट कपाटाच्या आतल्या अंधारात पिवळा पडतो, तिथे पाण्याचा रंग बरा.

हाताला वाळला म्हणजे झाला, असं नाही. रंग कडक व्हायला आठवडा तरी लागतो. तोवर दार दाबून बंद केलं तर चौकटीला चिकटतं आणि उघडताना दोन्हींचा रंग घेऊन येतं. म्हणून दारं काढलेलीच ठेवा. कपाटाच्या पायांखाली चार स्क्रू उलटे ठेवा. वर्तमानपत्र पसरून सरळ उभं केलंत तर कागद पायाला चिकटतो आणि ओढला की रंगासकट येतो. ब्लेडने कापावा लागतो, तरी थोडा राहतोच, आणि मग फरशी पुसताना कपाटाच्या पायाशी वाचायला मिळतं: “मेष : आज घरगुती कामे मार्गी लागतील.”