चूक कुठे दडवावी?

खोटी सिद्धता रचायची असेल तर आधी अक्षर सुधारा. एकाखाली एक बरोबरच्या खुणा लावून, सुवाच्य लिहिलेल्या ओळीवर शंका घ्यायला माणूस संकोचतो. गिचमिड लिहाल तर वाचणारा प्रत्येक ओळीपाशी थांबेल, आणि थांबणारा वाचक आपल्या धंद्याला मारक.

सुरुवात हमखास खपणाऱ्या जुन्या मालाने करा. अ = ब माना. दोन्ही बाजूंना अ ने गुणा: अ² = अब. दोन्हीकडून ब² वजा करा: अ² − ब² = अब − ब². अवयव पाडा: (अ + ब)(अ − ब) = ब(अ − ब). आता दोन्हीकडचा (अ − ब) उडवा, आणि उडवताना मागच्या बाकावरच्या पोराला 'फॅन जरा वाढव रे' म्हणा. उरलं अ + ब = ब, म्हणजे २ब = ब, म्हणजे २ = १. अ आणि ब सारखे आहेत हे पहिल्या ओळीत तुम्हीच सांगितलं होतं, तेव्हा (अ − ब) म्हणजे शून्य. भर वर्गात तुम्ही शून्याने भागलंत आणि कोणाची पापणीही लवली नाही. शून्याला त्याच्या स्वतःच्या कपड्यांत कधी बाहेर काढू नका. शून्य भागिले शून्य म्हणजे शून्य, असं ६२८ साली साक्षात ब्रह्मगुप्ताने लिहून ठेवलंय. तिथे नववीतली पोरं काय टिकणार!

हात बसला की गोव्यात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात चला, एप्रिलअखेरीस. मानकुराद आंब्यांची टोपली पुढ्यात घेतलेली बाई म्हणते, "पात्रांव, सगळे एकाच झाडाचे." ती थापा मारते असं समजू नका. ती गणिती विगमनाने बोलते: एकाला खरं, आणि एका संख्येवरून पुढचीवर जाता येतं, म्हणून सगळ्यांना खरं. टोपलीत एकच आंबा असेल तर 'सगळे आंबे एका जातीचे' हे उघडच खरं. आता समजा, कुठल्याही बारा आंब्यांबाबत ते खरं आहे. तेरा घ्या. पहिला बाजूला ठेवा, उरलेले बारा एका जातीचे. तो परत टाकून शेवटचा काढा, हेही बारा एका जातीचे. मधले अकरा दोन्ही वेळी टोपलीतच होते, म्हणून तेराच्या तेरा एका जातीचे. तसंच पुढे चौदा, पंधरा. वरचा मानकुराद असला की तळापर्यंत मानकुरादच! पुस्तकांत हीच सिद्धता घोड्यांच्या रंगावर असते, पण घोडे डझनाने कोण घेतो?

खोट आहे ती एकावरून दोनावर जाताना. पहिला काढला, दुसरा उरला. दुसरा काढला, पहिला उरला. दोघांची सोयरीक जुळवायला मधे कोणीच नाही. वरच्या सगळ्या पायऱ्या धडधाकट आहेत, फक्त ही एक नाही. म्हणून उदाहरण नेहमी बारा-तेराचं द्यावं. कोणी दोनच आंब्यांवर करून दाखवा म्हणालं, तर मागे गिऱ्हाईक खोळंबलंय असं सांगावं.

एवढं बारीक कोण बघतं, असा धीर हवा असेल तर लंडनचे वकील आल्फ्रेड केंप यांचं स्मरण करा. कुठल्याही नकाशात शेजारचे प्रदेश वेगळे दाखवायला चार रंग पुरतात, याची सिद्धता त्यांनी १८७९ साली छापली. ती अकरा वर्षं चालली. १८९० मध्ये हीवुड यांनी दाखवलं, की रंगांच्या दोन अदलाबदली केंप एकदम करतात आणि तिथेच त्या एकमेकींच्या पायांत येतात. (आमच्याकडे भाटाच्या, म्हणजे बागायतीच्या, हद्दीचा दावा अकरा वर्षांत निकाली निघाला तर पेढे वाटतात.) प्रमेय मात्र खरंच होतं, १९७६ साली ॲपेल आणि हाकेन यांनी ते संगणकाला जुंपून सिद्ध केलं.

आता कोणीतरी विचारणारच, 'याला आधार काय?' त्यासाठी गोंयकाराला परक्याच्या दारात जायला नको. १९०७ साली गोव्यात जन्मलेल्या गणितज्ञ दामोदर धर्मानंद कोसंबींनी १९३१ च्या एका निबंधात बूर्बाकी नावाच्या रशियन गणितज्ञाचा हवाला दिला. असा माणूस नव्हताच! एका सहकाऱ्याची जिरवायला फ्रेंच गणितज्ञ आंद्रे वेय यांनी सुचवलेली ती खोडी. तेव्हा तुम्हीही एखादा रशियन हाताशी ठेवा, शक्यतो दिवंगत. पुढे १९५९ मध्ये याच कोसंबींनी रीमानच्या गृहीतकाची, म्हणजे मूळ संख्यांविषयीच्या एका प्रसिद्ध कोड्याची, सिद्धता कृषी-संख्याशास्त्राच्या नियतकालिकात छापली. ती टिकली नाही, आणि या वेळी ते थट्टा करत नव्हते.

बाकी मी स्वतः इतका जाणकार, की गेल्या वर्षी त्या बाईकडून मुकाट डझनभर घेतले. घरी आईने टोपली पालथी केली. वर पाच मानकुराद, गवताखाली सात बारकी रायवळ घोटां. ती काही बोलली नाही. वाटपाला मोहरी काढली, आणि दुपारी पानात आंब्यांचं सासव आलं.