बालकवी आणि बहिणाबाई एकाच रेल्वेलाइनीवर

मराठी लेखक-कवींचा एखादा धड नकाशा आहे का हे मी बरेच दिवस शोधतोय, म्हणजे कोण कुठला, कुठलं पुस्तक कुठे लिहिलं, कुठल्या कादंबरीतलं गाव खरंच कुठे आहे, हे सगळं एकाच मॅपवर दिसेल असा. पण जे सापडतं ते बहुतेक जन्मगावाचं. मालगुंडला केशवसुत, वाटेगावला अण्णाभाऊ, पिन टाकली की झालं. स्मारक बघायला जाणाऱ्याची सोय होते हे खरंय, मी स्वतः मालगुंडला गेलोय आणि परत जाईन. पण मर्ढेकरांचं बघा ना, आडनाव साताऱ्यातल्या मर्ढ्याचं, जन्म खानदेशात फैजपूरचा आणि कविता वाचताना डोळ्यासमोर येते ती मुंबई. मग पिन कुठे टाकणार? साने गुरुजी पालगडचे, ‘श्यामची आई’तलं कोकणही तिथलंच, पण पुस्तक लिहिलं १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात. माझं मत असं की अशा पुस्तकाला दोन पिना हव्यात आणि मधे रेघ.

शेवटी गुगल माय मॅप्सवर मीच सुरू केलं, खानदेशापासून, कारण आजोळ तिकडचं.

आणि पहिल्या रात्रीच जे दिसलं त्याने झोप उडाली. सुरतेकडून भुसावळला येणाऱ्या रेल्वेलाइनीवर बोट फिरवत गेलात तर आधी अमळनेर, गुरुजी जिथे १९३० पर्यंत मास्तर होते. मग धरणगाव, बालकवींचं जन्मगाव. मग जळगाव, बहिणाबाईंचं सासर, त्यांचं माहेर असोदं तिथून अगदी जवळ. आणि जळगाव सोडून भुसावळकडे निघालं की भादली, जिथे १९१८ च्या मे महिन्यात रूळ ओलांडताना बालकवी गाडीखाली गेले, वयाची अठ्ठावीस वर्षंही पूर्ण नव्हती.

आता १९०७ घ्या. जळगावात कविसंमेलन भरलं, त्यात त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाच्या पोराची कविता ऐकून अध्यक्ष डॉ. कीर्तिकरांनी त्याला ‘बालकवी’ म्हटलं. तेव्हा बहिणाबाई त्याच जळगावात होत्या, पंचविशी ओलांडलेली शेतकरी घरातली सून, अक्षरओळख नाही, घरोटावर, म्हणजे जात्यावर बसून ओव्या रचणारी! एकाच गावात मराठीतले दोन एवढे मोठे कवी, एक मंडपात आणि एक घरात किंवा शेतात, आणि मंडपातल्या एकाही माणसाला दुसरीचा पत्ता नाही. मला हे वाचून कधीच कळलं नव्हतं. कारण बहिणाबाईंची गाणी छापली गेली १९५२ ला, त्या गेल्यानंतर, मुलाने, सोपानदेवांनी जपली म्हणून आणि अत्र्यांनी उचलून धरली म्हणून. त्यामुळे वाङ्मयाच्या इतिहासात त्या बालकवींच्या कितीतरी पानं पुढे येतात, जणू वेगळ्याच काळातल्या. इतिहास छापल्याची तारीख बघतो. नकाशावर दोघं शेजारी, आणि मला नकाशाचंच जास्त पटतं.

काम सोपं नाही हेही सांगतो. ‘कोसला’तला पांडुरंग सांगवीकर, त्याचं सांगवी सर्च केलं तर आधी पुण्याचंच सांगवी समोर येतं, नेमाड्यांचं सांगवी तिकडे यावल तालुक्यात, आणि महाराष्ट्रात सांगव्या किती आहेत त्याला गणती नाही. तालुका लिहिल्याशिवाय पिन टाकायचीच नाही असा नियम मी केलाय. बालकवींच्या ‘औदुंबर’ कवितेतला डोह कुठला हेही लोक विचारतील, तिथे मी पिन टाकणार नाही, ती कविता आहे, सातबारा नव्हे.

तुमच्या तालुक्यातलं कोणी असेल तर सांगा, पण नुसतं जन्मगाव नको, लिहायला कुठे बसायचे, नोकरी कुठे होती, भाषा कुठली उचलली ते सांगा.

बहिणाबाईंसाठी मात्र पिना काढून टाकल्या. माहेरच्या वाटेवर ठेच लागली तर दगडालाही वाचा फुटते असं त्यांच्या गाण्यात आहे ना, म्हणून जळगावपासून असोद्यापर्यंत रेघ ओढलीय, आणि दिवाळीत आजोळी गेलो की त्या रस्त्याने चालत जाणार आहे.