अकरा मेंदू आणि एक मेलेला मासा

मेंदू-संशोधनाच्या एखाद्या आंतरराष्ट्रीय जाळ्यात सामील व्हायचं तुमच्या मनात आलंय, हे उत्तमच झालं. पाषाणला आयसर ही विज्ञानसंस्था आहे, विद्यापीठाच्या आवारात पेशींवर संशोधन करणारं एनसीसीएस आहे आणि दुसऱ्याच्या मेंदूबद्दल ठाम मत असलेलं एक तरी माणूस पुण्याच्या प्रत्येक सोसायटीत आहे. मग तुमच्याच विभागाने काय घोडं मारलंय? शिवाय कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकची समिती येऊ घातलीय आणि अहवालातला ‘सहकार्य’ हा रकाना मोकळा आहे. अर्ज कराच.

मात्र ते जाळं नेमकं काय करतं, हे वाचायला बसू नका. ‘एनिग्मा’चंच घ्या. २००९ पासूनचा हा प्रपंच. जगभरातले गट आपापल्या एमआरआयवर एकच ठरलेली पद्धत चालवतात आणि निघालेले आकडे एकत्र करतात. एवढं वाचलंत की लक्षात येतं, आपल्याकडेही स्कॅन असायला हवेत. उगाच हिरमोड.

सुरुवात ‘मानवी मेंदूत १०० अब्ज चेतापेशी असतात’ अशी करा. ब्राझीलच्या संशोधकांनी मेंदूंचं अक्षरशः द्रावण करून त्यातली पेशींची केंद्रकं मोजली आणि २००९ मध्ये ८६ अब्जांच्या आसपासचा आकडा छापला, हे खरं. पण वरच्या १४ अब्जांसाठी कोण अडवतंय?

विषय इथलाच हवा. ‘ढोल-ताशावादनाचा मेंदूवरील परिणाम’ झकास. एमआरआयचं मशीन स्वतःच कानठळ्या बसवतं. पथकातल्या पोरांना आत घरच्यासारखं वाटेल. एखादा झोपलाच तर ‘विश्रांत अवस्थेतील मेंदू’ म्हणून दुसरा पेपर.

पुढचा रकाना: किती माणसं? तुमच्याकडे अकरा आहेत. त्यातला एक मशीनमध्ये सारखा हलला आणि एक विभागप्रमुखांचा मेहुणा. २०२२ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात आलेला एक अभ्यास म्हणतो, की मेंदूची रचना आणि माणसाचं वागणं यांचा संबंध अख्ख्या मेंदूत धुंडाळायचा तर हजारो माणसं लागतात; थोडक्या माणसांवरचे निष्कर्ष पुन्हा तपासले की टिकत नाहीत. म्हणून तर ही जाळी विणली गेली. तुम्ही ‘प्राथमिक परंतु आशादायक’ असं लिहा आणि त्या सॅमन माशाचा दाखला द्या. अमेरिकेत काही संशोधकांनी मेलेला सॅमन स्कॅनरमध्ये ठेवला, त्याला माणसांचे फोटो दाखवले आणि फोटोतल्या माणसाला काय वाटत असेल ते विचारलं. माशाच्या मेंदूत ‘हालचाल’ दिसली! हजारो ठिकाणी एकाच वेळी चाचणी लावली आणि योगायोगाने येणारे खोटे निकाल गाळणारी गणिती दुरुस्ती केली नाही, तर असं होतं, हे त्यांना दाखवायचं होतं. २०१२ मध्ये त्यांना इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं पारितोषिक मिळालं. तुम्ही दुरुस्तीचा भाग गाळा. एक मासा, तोही मेलेला, आणि थेट पारितोषिक! तुमचे अकरा तर जिवंत आहेत.

आता परवानग्या. परदेशी सहकार्य आलं की संस्थेच्या एथिक्स कमिटीवर भागत नाही. आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीकडेही जावं लागतं, ते काम आयसीएमआर ही सरकारची वैद्यकीय संशोधन परिषद पाहते. तिथे ‘मंजुरी अपेक्षित’ असं लिहायचं. संमतीपत्र इंग्रजीत आहेच, मराठी कशाला? ‘काकू, इथे सही करा, डोक्याचा फोटो फुकट निघतोय.’ फुकट म्हटलं की दुसरं पान कोणी उलटत नाही. डोक्याच्या स्कॅनवरून चेहरा पुन्हा उभा करता येतो, म्हणून पाठवण्याआधी चेहऱ्याचा भाग काढून टाकतात म्हणे. तुम्ही फाइलला ‘पाटीलकाकू_फायनल_२’ असं नाव द्या, म्हणजे तिकडच्यांना ओळखायला सोपं. काकूंचा मेंदू कुठकुठे फिरून आला हे काकूंना कधीच कळणार नाही, आणि ह्याच एका गोष्टीवर आपला निम्मा आत्मविश्वास उभा असतो.

राहिली लेखकांची यादी. विभागप्रमुख पहिले, प्राचार्य शेवटचे, मधे ज्यांची बढती अडलीय ते सगळे. विभागात एक एमएस्सीची मुलगी आहे. मेंदूचे स्कॅन मोजणारं फ्रीसर्फर हे सॉफ्टवेअर स्वतःच शिकली, रात्री बसून एकेक स्कॅन डोळ्यांखालून घातला आणि त्या हललेल्या पोराचा स्कॅन बाद करा म्हणाली. तिचं नाव आभारात. तेही जागा उरली तर.

मग एक दिवस उत्तर येईल: अर्ज मिळाला, धन्यवाद, तुमच्या डेटाबद्दल थोडं बोलू या, कॉल कधी ठेवू? ह्या मेलची रंगीत प्रिंट काढून नॅकच्या फायलीत लावा, सरांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करा, बातमी छापून आणा. कॉल टाळता आला तर बघा, ते लोक प्रश्न विचारतात. अगदीच गळ्याशी आलं तर सरांना बसवा, नेट गेलं म्हणून सांगता येतं. त्या मुलीला मात्र चुकूनही बसवू नका. तिला उत्तरं येतात.