ताराबाई मोडकांना नुसती 'माऊली' करून टाकू नका

परवा १९ एप्रिलला बालशिक्षणात आयुष्य घालवलेल्या ताराबाई मोडकांची जयंती झाली आणि दोन-तीन ग्रुपवर हार घातलेला तोच फोटो फिरला, खाली 'बालकांची माऊली', 'वात्सल्यमूर्ती' वगैरे. मला खरं सांगू का, जरा चिडचिडच होते. माया होतीच हो, पण नुसत्या मायेवर एवढं काम उभं राहत नसतं.

१८९२चा जन्म, मुंबईतलं प्रार्थना समाजी घर, १९१४ला बी.ए.! लग्न करून अमरावतीला गेल्या, नवरा वकील, पण ते लग्न काही टिकलं नाही, आणि मग लहानग्या प्रभाला घेऊन बाई थेट राजकोटला, बार्टन ट्रेनिंग कॉलेजच्या प्रिन्सिपॉल म्हणून. आजसुद्धा एकट्या बाईला भाड्याने घर देताना लोक सतरा प्रश्न विचारतात, हे तर शंभर वर्षांपूर्वीचं. मग तीही जागा सोडून भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांकडे, १९२६ला नूतन बालशिक्षण संघाची स्थापना, मग मुंबई, दादर.

पण मला सगळ्यात भारी वाटतं ते १९४५. वय वर्षं ५३. शहरात नाव झालेलं, आणि बाई पालघरकडच्या समुद्रकाठच्या बोर्डी गावात जाऊन परत शून्यापासून सुरू करतात. सोबतीला सहकारी अनुताई वाघ. गावात बालवाडी काढली तर दलित वस्तीतली पोरं येईनात. मग काय, 'लोकांना शिक्षणाची किंमतच नाही' म्हणत बसल्या नाहीत, बालवाडीच उचलून वस्तीतल्या अंगणात नेली. आधी आंघोळ, नखं, केस, मग गाणी-गोष्टी. मॉंटेसरीची साधनं महाग, तर शिंपले, बिया, खडे, पानं, जे आजूबाजूला मिळेल ते.

पुढे बोर्डीजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर वारली आदिवासी मुलांसोबत काम. तिथे मोठी मुलगी शाळेत का येत नाही, तर कडेवर धाकटं भावंड. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी, 'विकासवाडी'. तान्हं पाळण्यात, मधलं बालवाडीत आणि ताई वर्गात. पोरं गुरांमागे जातात? मग शाळा कुरणात, कुरणशाळा! याला मी तरी वात्सल्य म्हणणार नाही, हे डोकं आहे, अभ्यास आहे. अडचण नेमकी कुठे आहे ते बघून शाळेचीच मांडणी बदलणं भल्याभल्यांना जमत नाही.

१९६२ला पद्मभूषण मिळालं, १९७३ला त्या गेल्या. सरकारची अंगणवाडीची योजना आली १९७५ला, ती काही त्यांना बघायला मिळाली नाही.

आणि इथेच माझं दुखणं आहे. माझी मावशी अंगणवाडी सेविका. सकाळी पोरांची वजनं घ्यायची, लटकत्या काट्यात पोर भोकाड पसरतं, त्याला चुचकारत आकडा वाचायचा, खाऊ, गरोदर बायकांच्या घरी फेऱ्या, रजिस्टरं, वर मोबाइलवर माहिती भरायची आणि रेंज नसली की रात्री घरी बसून भरायची. याचं तिला मिळतं मानधन. पगार नाही, कारण कागदोपत्री ती मानसेवी, म्हणजे नोकर नाही, स्वेच्छेने सेवा देणारी. ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे सांगायला सुप्रीम कोर्टाला २०२२ साल उजाडावं लागलं. मागे संप झाला तेव्हा ग्रुपवरचे एक काका म्हणाले, पोरं तर सांभाळायची असतात, त्यात काय एवढं. एकदा का हे काम म्हणजे बाईच्या जातीला उपजतच येणारी माया असं ठरवून टाकलं, की पैसे द्यायचा प्रश्नच मिटतो ना!

ताराबाईंनी बालवाडीच्या शिक्षिकांसाठी ट्रेनिंग सुरू केलं, वर्षानुवर्षं 'शिक्षणपत्रिका' हे मासिक चालवलं, ते काय उगाच? त्यांच्या लेखी हे शिकून करायचं काम होतं.

असो. तुमच्यातले बरेच जण बोर्डीच्या बीचवर जाता आणि घोलवडचे चिकू घेऊन परत येता. पुढच्या वेळी अर्धा दिवस जास्त काढा आणि कोसबाडला टेकडीवर जाऊन या, फार लांब नाहीये.